नऊ की आठ? : डीव्हीडीवरील प्रश्नमंजूषा आणि आपले वाचनालय

(वडोदरा येथील आपल्या वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मालेत माझ्या आधी ज्या वक्त्यांनी आपणांस संबोधिले त्यांचे विषय भारदस्त होते. मी मात्र आज ‘डीव्हीडी प्लेअरवर घरबसल्या खेळावयाच्या प्रश्नमंजूषा’ या विषयावर बोलणार आहे. निमंत्रणपत्रिका हाती पडताच दोघा ज्येष्ठ सभासदांनी मला वाटेत गाठून विचारले, “मास्तर, वाचनालयाच्या शताब्दीत हे कसले खेळणे?” त्यांचा प्रश्न रास्त होता. तेव्हा प्रथम त्याचेच उत्तर देतो.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण करून या संस्थानात ग्रंथालयांची जी यंत्रणा उभी केली, तिचा अभिमान आपण सारेच बाळगतो. परंतु त्या ग्रंथालय खात्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांबरोबरच चित्रांच्या साहाय्याने शिक्षण देणारी एक शाखाही होती. जादूचा कंदील आणि चलच्चित्रे यांच्या द्वारे निरक्षर माणसालाही जगाचे ज्ञान व्हावे, हा तिचा हेतू. पडद्यावरचे चित्र आणि कपाटातले पुस्तक यांत वैर आहे, असे त्या द्रष्ट्या राजाने मानले नाही. मग आपणही का मानावे? आणि दुसरे असे की, या खेळण्यानेच मला आपल्या वाचनालयाची खरी किंमत कळली. तेच आज सांगावयाचे आहे.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टर येथे असते. २००४ साली ती आली तेव्हा मुलांसाठी तिने एक चकचकीत तबकडी आणली. प्रश्नमंजूषेच्या अशा तबकड्यांची तिकडे त्या काळी मोठी चलती होती. आम्ही हौसेने ती आमच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली, तो पडद्यावर नुसता नकाराचा संदेश! कारण असे की, चित्रपट विकणाऱ्या कंपन्यांनी सारे जग विभागांत वाटून घेतले होते. इंग्लंड दुसऱ्या विभागात आणि हिंदुस्थान पाचव्या. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालू नये, अशी तजवीज. शेवटी ओळखीच्या एका दुकानदाराने रिमोटवरची चार-दोन बटणे दाबून ते कुलूप काढून दिले. ज्ञानालाही जकातनाके असतात, हे त्या दिवशी प्रथम समजले.

हा खेळ चालतो कसा, याचे मला शिक्षकी कुतूहल होते. डीव्हीडी १९९६ साली जपानात बाजारात आली. १२ सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी. तिच्या एका थरात ४.७ अब्ज बाइट एवढी माहिती मावते. ती मुळात चित्रपटांसाठी. पण तिच्या रचनेतच पडद्यावर सूची दाखवण्याची आणि रिमोटच्या बाणांनी त्यांतील एक पर्याय निवडण्याची सोय होती. प्रश्नमंजूषा रचणाऱ्यांनी नेमकी हीच सोय हेरली. प्रत्येक प्रश्न म्हणजे एक छोटीशी चित्रफीत. तिच्या शेवटी चार पर्याय. त्यांवर फिरणारी एक रंगीत चौकट. आपण बटण दाबले की यंत्र त्या पर्यायाला जोडलेल्या दुसऱ्या चित्रफितीवर उडी घेते. उत्तर बरोबर असेल तर टाळ्यांची, चूक असेल तर सुस्काऱ्यांची. एवढाच सारा चमत्कार! ती उडी घेताना लेसरचा झोत तबकडीवर नवी जागा शोधतो आणि त्यात क्षणभर पडदा स्तब्ध होतो. त्या क्षणी आमच्या घरातले आबालवृद्ध श्वास रोखून बसत. वस्तुतः ती यंत्राची अडचण होती. आम्हांस वाटे, यंत्र विचार करीत आहे.

या यंत्राला स्मरणशक्ती अगदी बेताची. गुणसंख्या वगैरे लक्षात ठेवण्यास त्यात १६ लहानसे कप्पे असतात. प्रश्न उलटसुलट क्रमाने काढण्यासाठी सोडतीसारखी एक आज्ञाही असते. परंतु तबकडीवर नवे काही लिहिता येत नाही आणि यंत्र बंद केले की ते कप्पेही रिकामे होतात. काल कोणता प्रश्न विचारला, कोण जिंकले, याचा आज त्याला पत्ता नसतो. त्यामुळे तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा समोर ठाकतो. ही बाब कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रश्न विचारण्याची आवड मनुष्यास फार जुनी. महाभारतातल्या यक्षाने तळ्याकाठी युधिष्ठिराला प्रश्न घातले. आपल्या आज्यांनी माजघरात कोडी घातली. त्या आवडीचा आधुनिक व्यापार झाला तो कॅनडात. १९७९ साली मॉन्ट्रियल येथे ख्रिस हेनी आणि स्कॉट अ‍ॅबट या वृत्तपत्रांत काम करणाऱ्या दोघा मित्रांनी ‘ट्रिव्हियल परसूट’ हा पटावरचा खेळ योजिला. १९८४ या एका वर्षात उत्तर अमेरिकेत त्याचे सुमारे २ कोटी संच खपले. आपल्याकडे रेडिओवरील ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ने आणि १९८५ पासून सिद्धार्थ बसू यांच्या ‘क्विझ टाइम’ने दूरदर्शनवर ही गोडी लावली. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण त्यातला पहिला करोडपती ठरला, तेव्हा आपल्या या गावातल्या मराठी घरांतून पेढे वाटल्यासारखा आनंद झाल्याचे आपणांस स्मरत असेल. मूळ इंग्रजी कार्यक्रम १९९८ सालचा. पाठोपाठ त्याचीही तबकडी निघाली. अमेरिकेत २००२ साली ‘सीन इट’ हा चित्रपटांविषयीच्या प्रश्नांचा, पट आणि तबकडी यांच्या जोडीने खेळावयाचा खेळ आला. टीव्हीवर दुसऱ्यांची परीक्षा पाहत बसण्याऐवजी स्वतःच त्या खुर्चीत बसता येणे, हे या तबकड्यांचे खरे आकर्षण होते.

आमच्या घरी त्या तबकडीने एक मोठे काम केले, ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रात्रीचे जेवण आटोपले की सारे घर एकत्र बसू लागले. शेजारचे गुजराती कुटुंबही येई. प्रश्न इंग्रजीत, मी ते मराठीत सांगे, शेजारीण ते गुजरातीत सांगे. निम्मे प्रश्न विलायती फुटबॉलचे आणि तिकडल्या मालिकांचे. त्यांचा आमच्याशी काडीचा संबंध नसे. ते आम्ही अंदाजाने सोडवीत असू. उरलेल्या भूगोलाच्या, विज्ञानाच्या प्रश्नांवर मात्र खडाजंगी होई. माझ्या आईचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात. ती या मंडळींत येऊन बसे, पण बोलत नसे. इंग्रजी प्रश्न आपल्यासाठी नाहीत, अशी तिने समजूत करून घेतली होती.

२००६ सालच्या दिवाळीतली गोष्ट. बहीण मुलांसह आली होती. धनत्रयोदशीच्या रात्री खेळ मांडला. आईच्या गटावर प्रश्न आला, ‘सूर्यमालेत ग्रह किती?’ पर्याय सात, आठ, नऊ, दहा. मी भाषांतर केले मात्र, आई चटकन म्हणाली, “नऊ!” सुनेने बटण दाबले. पडदा क्षणभर थबकला आणि टाळ्यांचा गजर झाला. दोन वर्षांत आईने दिलेले ते पहिले उत्तर. साऱ्यांनी तिचे कौतुक केले. तिच्या चेहऱ्यावरचा तो संकोचयुक्त आनंद मला आजही दिसतो.

मी विज्ञानाचा शिक्षक. त्याच वर्षी २४ ऑगस्टला प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून काढून बटुग्रहांत बसवले, हे मला ठाऊक होते. वर्गात मी ते शिकवलेही होते. तबकडी त्याआधीची, म्हणून ती नऊच म्हणणार. परंतु त्या टाळ्यांत मी गप्प राहिलो. आईचा आनंद मोडू नये, एवढाच विचार होता.

भाऊबीजेच्या रात्री पुन्हा खेळ झाला. विसराळू यंत्राने तोच प्रश्न पुन्हा काढला, आणि या खेपेस तो माझ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आला. त्याने ठामपणे आठवर बटण दाबले. पडद्यावरून सुस्कारे ऐकू आले. गुण गेला, त्याबरोबर त्याचा गट हरला. त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, “बाबा, तुम्हीच शाळेत आठ सांगितलेत ना? मग परवा आजीला बरोबर कसं दिलं?” मी काही बोलणार, तोच भाचीने सहज विचारले, “आजी, तू नऊ कशी मोजलीस गं?” आई बोटे मोजीत म्हणाली, “सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू.” मुले खदखदून हसली. “आजीचं उत्तर चुकून बरोबर आलं!” असा पुकारा झाला. आईने काही न बोलता वातींचा कापूस पुढे ओढला आणि पडद्याकडे पाठ करून ती वाती वळू लागली.

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याचे उत्तर आजच्या शास्त्राप्रमाणे बरोबर, त्याचा गुण गेला. जिची गणना निराळ्या शास्त्रातली, तिला गुण मिळाला. आणि ज्याला दोन्ही ठाऊक होते, तो मी मूग गिळून बसलो. यंत्राचा यात अपराध नव्हता. त्याला केवळ कोणते बटण दाबले एवढेच कळते. ‘तुला हे कसे समजले?’ असे ते विचारू शकत नाही आणि आपली चूक ते सुधारूही शकत नाही.

दिवाळीनंतर वाचनालय उघडले त्या दिवशी मी मुलाला घेऊन येथे आलो. त्या वेळच्या ग्रंथपालांना सारी हकीकत सांगितली. त्यांनी कसलाही उपदेश केला नाही. संदर्भ विभागातल्या लांब मेजावर त्यांनी एकेक ग्रंथ आणून ठेवला. प्रथम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चा खंड. त्याचे २३ खंड १९२० च्या दशकात निघाले. मुलाने ग्रहांची माहिती चाळली. तीत प्लूटो नाही. असणे शक्यही नव्हते; क्लाइड टॉम्बॉ यांनी प्लूटो शोधला तो १८ फेब्रुवारी १९३० रोजी. मग १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा खंड, तेथे प्लूटो आहे आणि ग्रह नऊ आहेत. मग वृत्तपत्रांच्या फायलीतला ऑगस्ट २००६ चा गठ्ठा. त्यात प्रागचा निर्णय, आणि ग्रह पुन्हा आठ! शेवटी पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या दहा खंडांच्या ‘भारतीय संस्कृतिकोशा’तला नवग्रहांविषयीचा भाग. त्यात आजीचे नऊच्या नऊ ग्रह.

मुलगा बराच वेळ त्या पानांकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “म्हणजे सगळेच बरोबर?” ग्रंथपाल म्हणाले, “सगळे कसे बरोबर असतील? पण कोण, कधी आणि कशाला ग्रह म्हणत होता, ते पाहिलंस की कुणीच वेडा नव्हता, हे कळतं.” जुन्या ज्योतिषात आकाशात तारकांमधून जागा बदलणारे ते ग्रह, म्हणून सूर्यचंद्र त्यांत, राहू आणि केतू म्हणजे चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गास जेथे छेदतो ते दोन बिंदू, ग्रहणांच्या गणितासाठी आवश्यक. ज्या पृथ्वीवर आपण उभे आहोत ती त्यांत नाही; १७८१ साली सापडलेला युरेनस आणि १८४६ चा नेपच्यून त्यांत असण्याचे कारण नाही. नऊ हा आकडा दोन्हीकडे तोच; त्यामागची गणना मात्र पूर्ण निराळी. यंत्राला तो भेद दिसला नाही. त्या मेजावर तो अर्ध्या तासात दिसला.

संदर्भग्रंथ घरी देण्याचा नियम नव्हता, आजही नाही. पण ग्रंथपालांनी नोंदवहीत माझी सही घेऊन संस्कृतिकोशाचा तो खंड एका रात्रीसाठी दिला. त्या रात्री माझ्या मुलाने आजीजवळ बसून तो मजकूर मोठ्याने वाचला. मग त्याने तिला प्लूटोची गोष्ट सांगितली. प्लूटो हे नाव सुचवणारी ऑक्सफर्डची व्हेनेशिया बर्नी ही मुलगीही अकराच वर्षांची होती, याचे त्याला फार अप्रूप. आई म्हणाली, “अरे, मग आमच्या राहूकेतूंना काढलं तेव्हा मला कुणी सांगितलंच नाही!” दोघेही हसले. मीही त्या दोघांपुढे माझ्या मौनाची कबुली दिली.

यावर कोणी म्हणेल, ग्रंथांत काय चुका नसतात? असतात. एक प्रसिद्ध दाखला देतो. अमेरिकेत फ्रेड वर्थ या गृहस्थांनी किरकोळ माहितीचा कोश रचला होता. आपली माहिती कोणी उचलली तर पकडता यावी म्हणून त्यांनी त्यात मुद्दाम एक खोटी गोष्ट पेरली : दूरचित्रवाणीवरील कोलंबो या गुप्तहेराचे पहिले नाव फिलिप. पुढे ‘ट्रिव्हियल परसूट’मध्ये हेच उत्तर बरोबर म्हणून छापलेले आढळले! वर्थ यांनी १९८४ साली ३० कोटी डॉलरचा दावा लावला. खेळाच्या कर्त्यांनी त्यांच्या कोशाचा उपयोग केल्याचे नाकारले नाही. पण वस्तुस्थितीवर कोणाची मालकी नसते, या कारणास्तव न्यायालयाने दावा फेटाळला आणि १९८७ साली अपिलातही तोच निर्णय कायम झाला. आता विचार करा. ते उत्तर देऊन ज्यांनी गुण मिळवले, त्यांनी कशाचे ज्ञान मिळवले? एका पुस्तकातली थाप दुसऱ्या पेटीत गेली आणि खेळणाऱ्यास ती पारखण्याचे साधन राहिले नाही.

एकटे पुस्तकही तबकडीइतकेच मुके असते. केतकरांचा कोश एकटा हाती असता तर मुलाला प्लूटोचे नावही कळले नसते. एकटा विश्वकोश असता तर प्लूटोला काढल्याचे कळले नसते. परंतु वाचनालयात कोणताही ग्रंथ एकटा नसतो. त्याच्या पहिल्या पानावर साल छापलेले असते आणि शेजारी दुसऱ्या सालचा दुसरा ग्रंथ उभा असतो. एकाची चूक दुसरा दाखवतो. चार साक्षीदार एका मेजावर बसवून त्यांची उलटतपासणी घेता येते, ही सोय मी आपल्या हयातीत वाचनालयाखेरीज अन्यत्र पाहिलेली नाही.

त्या दिवाळीनंतर आमच्या घरच्या खेळाचे रूप पालटले. तबकडी अधूनमधून लागे. पण मुले स्वतःच प्रश्न काढू लागली. नियम असा केला की, उत्तराला अर्धा गुण आणि ‘कशावरून?’ याला अर्धा. आईचा गट त्यानंतर क्वचितच हरला. ओव्या, नक्षत्रे, पिके, औषधी पाला यांविषयीच्या तिच्या ‘कशावरून’ला उत्तर शोधताना मला या संदर्भ विभागाच्या कितीतरी फेऱ्या घालाव्या लागल्या. ती २०११ साली गेली. तो डीव्हीडी प्लेअर आता माळ्यावर आहे आणि तबकडीवर इतके ओरखडे आहेत की ती लागत नाही. केतकरांचा तो खंड मात्र मी परवाच पाहिला. पाने पिवळी पडली आहेत, पण वाचता येतात.

आणि म्हणूनच, अध्यक्षमहाराज, समारोपापूर्वी एक विनंती करण्याची परवानगी असावी. जागेच्या टंचाईमुळे संदर्भ विभागातील जुने कोश बांधून माळ्यावर ठेवावेत, काही निकाली काढावेत, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आहे, असे समजते. हल्ली कोणतीही माहिती मोबाइलवर क्षणात मिळते, हे तिचे कारण. कारण खोटे नाही. मीही मोबाइल वापरतो, आणि त्यावर चूक दुरुस्त होते हा त्याचा तबकडीपेक्षा मोठा गुण मानतो. परंतु तेथे दुरुस्ती झाली की कालचे उत्तर सामान्य वाचकाच्या नजरेआड होते. काल आपण काय मानीत होतो आणि ते का सोडले, हे ज्याला दिसत नाही, त्याला आजचे उत्तरही तबकडीच्या टाळ्यांसारखे केवळ पाठ होते. जुना कोश चुकीचा झाला म्हणून निरुपयोगी होत नाही. त्याच्या सालासह तो साक्षीला उभा राहतो.

तेव्हा आश्रयदात्यांना माझे नम्र आवाहन आहे की, शताब्दीनिधीतून एक कपाट आणि एक लांब मेज या जुन्या कोशांसाठी राखून ठेवावे. शाळेतल्या मुलांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ प्रश्नमंजूषेची ठेवावी. पडदा लावा, मोबाइल आणू द्या, टाळ्याही वाजू द्या; फक्त ‘कशावरून?’ याचा अर्धा गुण तेवढा या मेजावरच मिळू द्या. ते काम करण्यास हा निवृत्त मास्तर आजपासून विनामूल्य हजर आहे.